बाबांची एकच चपराक

आमच्या बाबांनी आयुष्यात आपल्या नावघरात एकेचाळीस बोटी बांधल्या आणि घरी तीन मुलं वाढवली. बोटींबद्दल कुणी विचारलं की लाकूड कुठलं, कधी तोडलं, किती वाळवलं इथपासून सुरुवात करून ते तासभर बोलत. मुलांबद्दल विचारलं की म्हणत, "ती सुनेवानं वाढवली. मी आपला मधे मधे करत होतो." सुनेवा म्हणजे आमची आई. ती विणकामातून मान वर न करता म्हणायची, "निकलाय, खोटं बोलू नकोस. रविवार आहे."

मी एल्स्पा, मधली. माझ्या वरचा हानुस, खालची मालान. फेरो बेटांवरच्या आमच्या हामरवीक गावात तेव्हा बावीस घरं होती, आणि त्यातल्या निदान वीस घरांत दाराशेजारी खिळ्याला काहीतरी टांगलेलं असायचं. कुठे वादी, कुठे काठी. आमच्या आजोबांच्या घरी बोटीच्या दोरखंडाचा हातभर तुकडा होता. तो कशासाठी, हे कुणाला विचारावं लागत नसे.

आजोबा काही दुष्ट नव्हते. चर्चमध्ये गीत म्हणताना म्हणे त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि विधवांच्या घरी ते जळण न सांगता पोचवायचे. पण घरात हात उचलायला वेळ लावत नसत. बाबा त्यांच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. मी मोठी झाल्यावर एकदाच म्हणाले, "बापाची पावलं ऐकू आली की मी आधी आठवायचो, आज आपलं काय चुकलंय. पुढे देवाचंही तसंच झालं. प्रार्थनेला बसलं की देव दारात येऊन उभा राहिलाय आणि हातात दोरखंड आहे, असं वाटायचं. ते मनातून काढायला मला फार वर्षं लागली, एल्स्पा. तुमच्या मनात ते जाऊच नये, एवढं मी ठरवलं होतं."

आजोबा गेले आणि ते घर बाबांकडे आलं, त्याच वर्षी हानुस जन्मला. बाबांनी तो तुकडा खिळ्यावरून काढला आणि आईला दिला. म्हणाले, "कपडे वाळत घालायला घे."

"हा?" आई म्हणाली, "ह्यावर अर्धी चादरसुद्धा मावायची नाही."

"मग बाळाचे लंगोट वाळत घाल. आता रोजचे आहेतच."

म्हणून आमच्या घरात शिस्त नव्हती असं कुणी समजू नये. सकाळी लापशीच्या आधी प्रार्थना, संध्याकाळी मासे-बटाटे झाले की एक गीत आणि बायबलमधलं वचन. ते कुणाला चुकत नसे. खोटं बोललेलं खपत नसे. सांडलं ते पुसायचं, मोडलं ते दुरुस्त करायचं, ज्याला दुखावलं त्याच्या घरी स्वतः जायचं. बाबा सोबत यायचे, पण बोलायचं आपण. ही शेवटची गोष्ट इतकी अवघड होती की हानुस एकदा म्हणाला होता, "बाबा, त्यापेक्षा तुम्ही मला मारा ना. लवकर संपेल."

"म्हणूनच मारत नाही," बाबा म्हणाले.

प्रार्थना आम्ही पाळीपाळीनं करायचो. मालान पाच वर्षांची असताना तिची पाळी आली. शेजारच्या क्लेमिंतच्या मेंढ्यानं तिला त्या दिवशी ढुशी मारून चिखलात लोळवलं होतं. तिनं हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "देवा, क्लेमिंतच्या मेंढ्याला कड्यावरून खाली पाड. येशूच्या नावानं मागते. आमेन."

आईनं ओठ चावले. हानुस टेबलाखाली गेला. बाबा मात्र गंभीर होते. "मालान, ह्या प्रार्थनेला मी आमेन म्हणणार नाही."

"का?"

"मेंढा क्लेमिंतचा आहे. देवाला सांगण्याआधी त्याला विचारायला हवं."

ती खरंच गेली. परत आली ती पाय आपटत. "तो नाही म्हणतो! म्हणतो, मेंढा पडला तर तुझ्या बापाला दुसरा आणून द्यावा लागेल."

"मग आता काय करशील?"

मालाननं खांदे उडवले. बाबांनी तिला आठवडाभर रोज एक मूठ चारा घेऊन त्या मेंढ्याकडे पाठवलं, पहिले दोन दिवस स्वतः सोबत उभे राहून. शनिवारी प्रार्थनेत ती म्हणाली, "देवा, मेंढ्याचं राहू दे." ह्याला सगळ्यांनी आमेन म्हटलं.

आता साकारिसबद्दल सांगायला हवं. आमच्या गावाला पाळक, म्हणजे धर्मगुरू, पाच-सहा आठवड्यांनी एकदा बोटीनं यायचे. बाकीच्या रविवारी उपासना चालवायचं, प्रवचन वाचून दाखवायचं काम साकारिसकडे होतं. उंच, सरळ माणूस, आवाज घंटेसारखा. बायको लवकर गेली होती, घरात तो आणि मुलगी रागना. चर्च झाडणं, मेणबत्त्या बदलणं हे रागनाचं काम, त्यामुळे शनिवारी चर्चची किल्ली तिच्याकडे असे. ती हानुसच्या वर्गात होती.

आमच्या चर्चमध्ये छताला एक लाकडी गलबत टांगलेलं आहे, दोन हात लांबीचं, शिडाचं. वादळातून सुखरूप परतलेल्या कुणा खलाशांनी फार पूर्वी देवाला वाहिलेलं. सन अठ्ठावन्नच्या ऑक्टोबरात, एका शनिवारी, आम्ही दोघं रागनाबरोबर आत गेलो. हानुस बारा वर्षांचा होता, मी नऊ. हानुसला बोटीतलं सगळं कळतं, अशी त्याची समजूत होती. तो बाकाच्या पाठीवर चढला आणि गलबताची दोरी कशी चुकीची बांधलीये ते आम्हाला सांगू लागला.

"खाली उतर," रागना म्हणाली.

"थांब गं. लाटेवर कसं डोलतं ते दाखवतो." त्यानं गलबताला झोका दिला. बाक हलला, त्याचा तोल गेला आणि सावरायला त्यानं हाताला आलं ते धरलं. मधली डोलकाठी कटकन मोडली.

आम्ही तिघं त्या तुकड्याकडे बघत राहिलो. मग रागना म्हणाली, "तुम्ही जा. मी बघते." आणि आम्ही गेलो. मागे न बघता पळालो. हे लिहितानासुद्धा मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गीतात साकारिसची नजर वर गेली आणि तो मधेच थांबला. सगळ्या गावानं माना वर केल्या. उपासना संपल्यावर त्यानं रागनाला सगळ्यांसमोर विचारलं, "काल आत कोण होतं?" तिनं उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं. ती खाली बघत उभी राहिली. "घरी चल," तो म्हणाला.

आमच्या घरापासून त्यांचं घर चाळीस पावलांवर. एरवी आमच्याकडे वाऱ्यापुढे काही ऐकू येत नाही, पण त्या दुपारी वारा पडलेला होता. आम्ही जेवायला बसलो होतो. रविवारचं वाळवलेलं मटण, बटाटे. आणि तिकडून आवाज येऊ लागला. आधी पट्ट्याचा, मग रागनाचा.

बाबांनी सुरी खाली ठेवली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांची नजर हानुसच्या ताटाकडे गेली. मटण म्हणजे त्याचा जीव की प्राण, आणि त्यानं तुकड्याला हात लावला नव्हता.

"हानुस, काल दुपारी तू कुठे होतास?"

"नावघरात."

"नावघरात मी होतो."

हानुसचे कान लाल झाले. "मला काय माहीत? रागना आहेच धांदरट. तिनंच पाडलं असेल काहीतरी."

तिकडून पुन्हा आवाज आला. आणि बाबांचा हात उठला. काय होतंय ते कळायच्या आत हानुसच्या गालावर चपराक बसली होती.

 मालानच्या हातातला बटाटा टेबलावरून घरंगळत खाली गेला, तो कुणी उचलला नाही. बाबा आपल्या हाताकडे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग ते उठले आणि बाहेर गेले. खिडकीतून मला दिसत होतं, ते भिंतीला कपाळ टेकून उभे होते. बाहेर बारीक भुरभूर होती. आई हानुसच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

दहा मिनिटांनी ते आत आले. केस ओले. हानुसच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसले, म्हणजे दोघांचे डोळे एका पातळीत आले.

"हानुस, मी तुला मारलं. ते चूक होतं. मला राग आला होता आणि तो मी तुझ्यावर काढला. मला माफ कर."

एवढंच. पुढे काही जोडलं नाही. तू खोटं बोललास म्हणून, असंसुद्धा नाही. आमच्या गावात मोठ्या माणसानं लहानाची माफी मागितल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. हानुसलाही काय करावं ते कळेना. तो हुंदके देऊन रडायला लागला, आणि त्या रडण्यातून शब्द आले, "बाबा, मीच मोडली. रागनानं नाही. मी मोडली."

बाबांनी त्याला जवळ घेतलं. रडणं ओसरेपर्यंत धरून ठेवलं. मग म्हणाले, "केलं माफ. मी केलं आणि देवानंही केलं. पण डोलकाठी अजून मोडलेलीच आहे. आणि रागना अजून रडतेय. बूट घाल."

"मी पण होते तिथे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. "मग तूही घाल."

त्या चाळीस पावलांइतका लांब रस्ता मी पुन्हा कधी चालले नाही. बाबा दोघांच्या मधे होते, दोघांचे हात धरून. दार साकारिसनं उघडलं. बाह्या अजून वर दुमडलेल्या होत्या.

"साकारिसकाका," हानुस म्हणाला, "गलबत मी मोडलं. रागना मला उतर म्हणत होती. ती काहीच चुकली नाही."

"आणि मी बघत होते," मी म्हणाले, "आणि पळाले."

साकारिसनं आधी त्याच्याकडे, मग बाबांकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, पण तो चटकन सावरला. "बरं. मग दे त्याला त्याचा हिशेब. इथंच, माझ्यासमोर. पट्टा देऊ?"

"नको. एक चपराक मी मघाशी मारली, आणि तिची माफी मागून आलोय."

"कुणाची माफी?"

"ह्याची."

"पोराची?" साकारिस हसलाच. "वा रे निकलाय! आज पोराची माग, उद्या मेंढ्यांची माग, परवा बोटींच्या पाया पड! अरे, पवित्र शास्त्रात काठी सांगितलीये बापाला."

"सांगितलीये," बाबा म्हणाले. "माझ्याकडेही आहे काठी, मेंढ्यांपाठी जायला. कड्याकडे निघालेल्या कोकराला ती मी आडवी घालतो. त्याच काठीनं कोकराला झोडपलं तर ते मला बघून पळेल, आणि पळायला पुढे कडाच आहे."

"मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत. मी स्वतःच आज चुकलोय." मग बाबांनी त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. रागना चुलीपाशी उभी होती, भिंतीकडे तोंड करून. "रागना, माझ्या मुलांमुळे तुला लागलं. आणि आम्ही जेवत बसलो होतो. मला माफ कर, पोरी."

ती वळली. चेहरा सुजलेला होता. "बरं," एवढंच म्हणाली. साकारिसच्या मानेपर्यंत लाली चढली आणि त्यानं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून शिक्षा सुरू झाली. हानुसनं नवी डोलकाठी करायची. शाळा सुटली की रोज नावघरात, नाताळ येईपर्यंत. बाबांनी लाकूड दाखवलं, पटाशी धरायची कशी ते दाखवलं, आणि मग आपल्या कामाला लागले. पहिली डोलकाठी जाड झाली. दुसरी वाकडी. तिसरी चांगली होत आली होती, ती शेवटच्या क्षणी चिरली. आई एकदा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "अरे, तुला तासाभराचं काम हे. पोर रडकुंडीला आलंय."

"मला माहितीये," बाबा म्हणाले. "माझाही जीव खालीवर होतोय. पण मी केली तर ती माझी डोलकाठी होईल."

माझी शिक्षा म्हणजे तितके शनिवार रागनाऐवजी मी चर्च झाडायचं. रागना तरीही यायची. बाकावर बसून पाय हलवत मला सांगायची, "कोपऱ्यात राहिलंय. तिथं नाही, त्या कोपऱ्यात." तिसऱ्या शनिवारी तिनं स्वतःच केरसुणी उचलली आणि आम्ही मैत्रिणी झालो.

सहावी डोलकाठी बसली. नाताळच्या आदल्या दिवशी साकारिसनं शिडी धरली आणि हानुसनं ती उभी केली. साकारिसनं अंगठा फिरवून सांधा तपासला. "ठीक आहे," म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे पुष्कळच होतं.

पण गावात बाबांची चेष्टा व्हायची ती व्हायचीच. धक्क्यावर कुणीतरी म्हणे, "निकलायच्या घरी पोरं बापाला वळण लावतात." चर्चच्या समितीवर एक जागा रिकामी झाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं बाबांना घेतील. घेतलं नाही. स्वतःच्या घरात ज्याचा धाक नाही तो समितीवर काय करणार, असं कुणी तरी म्हणाल्याचं आमच्या कानावर आलं. बाबांना ते लागलं होतं. आईला म्हणाले, "सुनेवा, मीच चुकत असेन तर?"

"तर मग मीही चुकतेय," आई म्हणाली. "आणि आपण दोघं चुकत असू तर देव बघेल. चहा घे."

हानुसनं त्यांची परीक्षाही घेतली. सोळाव्या वर्षी तो संध्याकाळच्या प्रार्थनेला बसेना. बाबा रोज त्याला बोलवत, रोज. आला नाही तर ओढत नसत. त्याची खुर्ची मात्र तिथेच असे आणि त्याचं नाव घेऊन प्रार्थना होई, दाराआड त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मालान म्हणायची, "बाबा, देवाला ऐकू येतं हो, एवढं ओरडू नका." एकोणिसाव्या वर्षी तो ग्रीनलंडच्या बाजूला मासेमारीच्या जहाजावर गेला.

दोन वर्षांनी त्या जहाजाचा कप्तान आमच्या गावाच्या धक्क्यावर उतरला आणि थेट नावघरात आला. सांगत होता, जाळं ओढताना एक साखळी सैल राहिली, आणि जाळं भरल्या माशांसकट समुद्रात गेलं. कुणाची चूक, ते कळण्यासारखं नव्हतं. दोष दुसऱ्यावर जात होता. "तर तुमचा पोरगा माझ्या खोलीत आला, टोपी काढली आणि म्हणाला, साखळी मी लावली होती. मी अठरा वर्षं कप्तान आहे, निकलाय. विचारायच्या आधी येऊन सांगणारा हा पहिला. मी त्याला शिव्या घातल्या, आणि पुढच्या फेरीला बढती दिली."

बाबा "अच्छा" म्हणाले आणि हातातली फळी रंध्यानं तासत राहिले. कप्तान गेला तरी तासत राहिले. शेवटी आई आली. "निकलाय, फळीचा कागद झाला. आता घरी ये." तेव्हा त्यांनी तोंड वळवलं, आणि आईनं आपल्या हातातला विणकामाचा तुकडा त्यांच्या हातात दिला, डोळे पुसायला. हानुसनं आपलं मन प्रार्थनेकडे कधी वळवलं ते त्यानं सांगितलं नाही. पण पुढच्या सुट्टीत तो आला, संध्याकाळी आपल्या खुर्चीत बसला, आणि आमची गीतांची वही उघडून म्हणाला, "आज कुठलं गीत?"

रागना मात्र गेली. सतरा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात बोटीत बसली आणि कोपनहेगनला निघून गेली. मला दोन-तीन पत्रं आली, वडिलांना एकही नाही. साकारिस दर रविवारी तसाच उभा राहून प्रवचन वाचायचा, पण आवाजातली घंटा कुठेतरी तडकली होती.

सहा वर्षं गेली. मी राजधानीत, तोशहावनला, शिक्षिकेचं शिक्षण घेऊन घरी आले होते. फेब्रुवारीतली सकाळ होती. मी नावघरात बाबांना खिळे काढून देत होते, तर दारात साकारिस. टोपी हातात. त्यानं अर्धवट बोटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "निकलाय, त्या दिवशी... तू हानुसची ती मागितलीस ना."

"काय?"

"माफी रे." तो शब्द त्याच्या तोंडून लाकडाची फोड निघावी तसा निघाला. "सुरुवात कशी केलीस?"

बाबांनी हातोडा खाली ठेवला. "त्याचं नाव घेतलं," ते म्हणाले. "मग काय केलं ते सांगितलं. मग मागितली."

"एवढंच?"

"एवढंच. पण भिंतीजवळ दहा मिनिटं उभा होतो आधी."

"मी सहा वर्षं उभा आहे," साकारिस म्हणाला.

बाबांनी त्याला घरी आणलं. आईनं कॉफी ठेवली, रेवाचिनीच्या आंबट देठांचा मुरांबा आणि पाव काढला, आणि कागद पुढे सरकवला. गावाला तीस वर्षं प्रवचन वाचून दाखवणारा माणूस त्या कागदापुढे घामाघूम झाला. "तू लिही, मी सही करतो," म्हणाला.

"नाही. मी शेजारी बसतो."

एक ओळ लिहून व्हायला अर्धा तास लागला. त्यानं ती बाबांना दाखवली. बाबांनी वाचली आणि बोट ठेवलं. "हा 'पण' काढ."

"पण मी तिच्या भल्यासाठीच..."

"असेल. ते तिला नंतर सांग, तिनं विचारलं तर. इथे नको."

साकारिसनं 'पण' खोडला, आणि त्याच्या पुढचं सगळंच खोडलं. जे उरलं ते दोन ओळींत बसलं.

पाच आठवड्यांनी टपालाची बोट आली, आणि साकारिस, अडुसष्ट वर्षांचा माणूस, टोपीशिवाय आमच्या अंगणातून धावत आला. हातात कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं, "बाबा, पत्र मिळालं. जूनमध्ये येतो आम्ही. तुमचा नातू तीन वर्षांचा आहे, त्याला मेंढ्या बघायच्या आहेत." साकारिस ते कार्ड आम्हाला वाचून दाखवू शकला नाही. मला वाचायला लावलं, तेही तीन वेळा.

जूनमध्ये ती आली, नवरा आणि एस्किल नावाचा गोरटेला पोरगा घेऊन. पहिल्या दिवशी बाप-लेक परक्यासारखे वागत होते, चहा हवा का, प्रवास कसा झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्याकडे कॉफीला होतो. साकारिसची प्रवचनाची वही टेबलावर उघडी होती, रविवारसाठी. एस्किलनं खुर्चीवर चढून हात लांबवला आणि कॉफीचा अख्खा पेला त्या वहीवर ओतला.

 रागना दारात उभी होती. तिचा चेहरा बारा वर्षांच्या मुलीचा झाला. साकारिसचा हात टेबलाच्या कडेला घट्ट आवळला गेला, बोटं पांढरी पडली. पोरगा त्याच्याकडे टकामका बघत होता, न घाबरता, कारण त्याला घाबरायचं कुणी शिकवलंच नव्हतं.

"सांडलं," तो म्हणाला.

"सांडलं खरं," साकारिस म्हणाला. त्यानं मोठा श्वास घेतला. "जा, त्या खिळ्यावरचं फडकं आण. तू पूस, मी वही धरतो."

एस्किलनं पुसलं, म्हणजे कॉफी सगळीकडे पसरवली. रागना पुढे आली, वडिलांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाबांनी आम्हाला डोळ्यांनी खूण केली आणि आम्ही सगळे उठून अंगणात गेलो. मालान जाता जाता केकचा तुकडा घेऊन आली.

दोन वर्षांनी साकारिसची नजर अधू झाली. त्यानं समितीला सांगितलं, आता वाचणार तर निकलाय वाचेल, दुसरं नाव मला सांगू नका. समितीतल्या एकानं काहीतरी जुनं काढलं, तेव्हा म्हणे त्यानं टेबलावर मूठ आपटली. बाबा तीनदा नाही म्हणाले. "मी बोटी बांधणारा माणूस, मला लोकांसमोर उभं राहता येत नाही," म्हणायचे. चौथ्यांदा साकारिस रागनाचं पत्र घेऊनच आला. पत्रात काय होतं ते आम्हाला कळलं नाही, पण बाबा हो म्हणाले.

त्या पहिल्या रविवारी हानुस समुद्रावरून मुद्दाम आला होता, बायकोला घेऊन. मालान तोशहावनच्या इस्पितळातल्या नोकरीतून रजा काढून आली. मी माझ्या शाळेतली अकरा मुलं पुढच्या दोन बाकांवर बसवली होती. बाबा उभे राहिले, आईनं विणलेला निळा स्वेटर घालून, आणि वाचायला लागले ते इतक्या हळू की दुसऱ्या बाकापर्यंतही ऐकू जाईना. 

"मोठ्यानं, निकलाय!" तिसऱ्या बाकावरून साकारिस गरजला. "मागे बायका बसल्यात!"

"तू गप्प बस, साकारिस," मागून आई म्हणाली. "आम्हाला ऐकू येतंय."

सगळं चर्च हसलं. बाबाही हसले, आणि मग त्यांचा आवाज मोकळा झाला. त्यांनी शेवटपर्यंत नीट वाचलं. उपासना झाल्यावर एकोणीस माणसं आमच्या घरी कॉफीला आली. पेले कमी पडले, म्हणून हानुस आणि मालान लहानपणच्या दुधाच्या मगांतून प्याले. धक्क्यावर पूर्वी चेष्टा करणाऱ्यांपैकी एक जण आपल्या मुलाला बाबांकडे ढकलत म्हणत होता, "जा, त्यांना हात मिळव." मी खिडकीपाशी उभी होते. बाबा खाली वाकून त्या पोराला त्याचं नाव विचारत होते, आणि माझी छाती अभिमानानं इतकी भरून आली होती की हातातली किटली कुठे ठेवावी तेच मला सुचेना.